विमान मागे नेणारी मावशी

आमची मावशी विमानं ढकलते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. त्याला वाटतं मी थट्टा करतेय. मग नीट समजावून सांगावं लागतं की विमान ढग कापत कितीही लांब जावो, प्रवासी भरून दारापाशी उभं असताना त्याला आपलं आपण मागे येता येत नाही. त्याच्या नाकाखालच्या चाकाला एक लांब लोखंडी दांडा लावतात. दांड्याचं दुसरं टोक एका बुटक्या, जाडजूड गाडीला अडकवतात आणि ती गाडी त्या अख्ख्या धुडाला, आतल्या माणसांसकट, मागे ढकलत नेते. त्या गाडीला टग म्हणतात. त्या टगवर नारिंगी जाकीट घालून, कानांवर आवाज अडवणाऱ्या दोन मोठ्या वाट्या लावून जी बाई बसलेली असते ती आमची मावशी. माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण.

आमच्या शहरात विमानतळ दोन. थोरला शहराच्या बाहेर, काचेचा, चकाचक, आत शिरलं की माणूस हरवेल एवढा. धाकटा मात्र भर वस्तीत. इथून फक्त देशातल्या देशात जाणारी लहान विमानं उडतात. त्याच्या भिंतीला लागून गल्ल्या आहेत, गल्ल्यांत चार-चार मजली इमारती आहेत आणि त्यांच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी विमान खाली आलं की अशा फडफडतात की जणू त्यांनाही जायचंय. तिथे नवीन राहायला आलेली माणसं दचकतात. जुनी माणसं बोलता बोलता थांबतात, विमान डोक्यावरून जाऊ देतात आणि ज्या शब्दावर थांबली होती त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. मावशी आणि काका अशाच एका इमारतीत राहतात. खाली काकांचं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या.

मावशी आधी विमानं साफ करायची. एक विमान उतरून दुसऱ्या फेरीला निघेपर्यंत जो थोडासा वेळ असतो त्यात ती आणि तिच्या मैत्रिणी पिशव्या घेऊन आत घुसायच्या, सीटच्या खिशातला कचरा काढायच्या, पट्टे नीट फुलीसारखे घडी करून ठेवायच्या आणि मागच्या दाराने बाहेर. लोक काय काय विसरतात! एकदा तिला कागदी रुमालात गुंडाळलेली कवळी सापडली. मावशी ती घेऊन धावत सुटली आणि सामान घ्यायच्या पट्ट्यापाशी एका आजोबांना तिने गाठलं. आजोबांना 'आभारी आहे' म्हणायचं होतं, पण आधी कवळी बसवावी लागली.

काम बरं होतं, पण मावशीचं लक्ष खिडकीबाहेर. खाली टग चालवणारे उस्ताद विमान मागे न्यायचे ते ती बघत राहायची. उस्ताद म्हणजे तिथले सगळ्यात जुने चालक. पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. त्यांच्या हाताखाली विमान असं वळायचं की लोण्यातून सुरी फिरावी. मैत्रिणी ओरडायच्या, "अगं, खिडक्या पुसायच्यात, त्यातून बघायचं नाही!"

एक दिवस टगसाठी नवीन चालक हवेत असं कळलं. मावशी सरळ उस्तादांसमोर जाऊन उभी राहिली.

"मला शिकवाल?"

उस्तादांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ट्रेलर मागे घेता येतो?"

"येतो."

"खरं?"

"माझ्या वडिलांची सामान वाहायची गाडी होती. मागे ट्रेलर. आमच्या गल्लीत वळायला जागाच नव्हती, म्हणून रोज तो मागे मागे घेत घरापर्यंत आणायचा. वडिलांची मान दुखायची, म्हणून मीच आणायचे."

हे अगदी खरं होतं. आई अजून सांगते की धाकटीचे पाय जेमतेम ब्रेकला पोचत होते तेव्हापासून ती ते करायची आणि आई भिंतीपाशी उभी राहून डोळे मिटून घ्यायची. मागे घेताना युक्ती एवढीच की ट्रेलर जिकडे न्यायचा त्याच्या उलट्या दिशेला स्टिअरिंग फिरवायचं. विमानाचंही तसंच. शेपूट डावीकडे जायला हवी तर हात उजवीकडे.

उस्तादांनी एक रिकामी सामानाची गाडी जोडून दिली आणि म्हणाले, "घे मागे." आणि आमच्या मावशीने, इतकी वर्षं सवय मोडलेली, ती गाडी थेट रस्त्यावर मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमध्ये घातली. शंकू चहूकडे उडाले. मैत्रिणी दुरून बघत होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवले.

उस्ताद म्हणाले, "शंकू गोळा कर आणि परत घे."

दुसऱ्या खेपेला जमलं. तिसऱ्यांदा तर असं जमलं की उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. ते त्यांचं शाबासकी देणं.

मग सुरू झालं शिकणं. काय उत्साह! मावशी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर मीठदाणी पुढे आणि पाण्याची बाटली मागे ठेवून काकांना सगळं दाखवायची. "ही मी. हे विमान. आता बघा हां." काका म्हणायचे, "बघतो, पण आधी मीठ दे." दांड्यामध्ये एक बारीक पिन असते. चालकाने फार जोरात किंवा फार तिरकं वळवलं तर ती मोडते, म्हणजे विमानाच्या चाकाला इजा होत नाही. मावशीने शिकताना ती दोनदा मोडली. दुसऱ्या वेळी ती रडवेली झाली. उस्ताद म्हणाले, "पिन मोडण्यासाठीच असते. विमान मोडलं का? मग पूस डोळे."

आणि एका सकाळी तिने प्रवासी भरलेलं विमान पहिल्यांदा एकटीने मागे नेलं. त्या संध्याकाळी तिने आईला फोन केला तो मी स्पीकरवर ऐकला. "ताई! अगं ताई! आज मी ढकललं! एवढी सगळी माणसं आत आणि मी बाहेर, माझ्या या दोन हातांनी!"

आई म्हणाली, "पडली-बिडली नाहीस ना?"

आमच्या आईचं हे असं. धाकटीने काहीही केलं की आधी तिला लागलं का ते विचारायचं. एप्रन या शब्दावरूनही आमच्याकडे गंमत झाली. विमानं जिथे उभी राहतात त्या सिमेंटच्या मोठ्या पटांगणाला तिथे एप्रन म्हणतात. मावशी म्हणायची, "दिवसभर एप्रनवर होते." आईला कितीतरी महिने वाटत होतं की धाकटीला स्वयंपाकघरात घातलंय, आणि ती मनातल्या मनात खूश होती.

आई स्वतः कधी विमानात बसली नव्हती आणि बसणारही नव्हती. पण माझा दादा लांबच्या शहरात नोकरीला. तिथे वहिनीला मुलगी झाली, ठरलेल्या दिवसाच्या बरंच आधी. बाळ छान, बाळंतीण छान, पण दादाचा आवाज फोनवर असा कापत होता की आई लगेच उठून कपाटातून बॅग काढायला लागली. बसने जायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि वर अख्खी रात्र. मी म्हटलं, "आई, विमानाने जाऊ. जेवणापर्यंत पोचू."

"मी नाही बसायची."

"का?"

"जिला मागे जाता येत नाही असल्या गाडीत मी बसत नाही. चुकलं तर परत कसं यायचं?"

मावशी समोरच होती. ती ताडकन उठली. "मागे मी नेते ना! पुढचं त्यांच्यावर सोड. मागे न्यायची जबाबदारी माझी."

यावर आई दुसरं कारण शोधायला लागली. सुचेपर्यंत मी तिकिटं काढली होती.

जायच्या दिवशी आम्ही सकाळीच धाकट्या विमानतळावर पोचलो. मावशीने एका सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली होती, खास आमचं विमान ढकलता यावं म्हणून. ती दारापाशी आमची वाटच बघत होती. कानांच्या वाट्या गळ्यात, हातात मोजे, चेहऱ्यावर असं हसू की लग्नात नवरीच्याही चेहऱ्यावर नसतं. "ताई, खिडकी डावीकडची घेतलीयेस ना? मी तिकडून दिसेन." आईने तिचा हात घट्ट धरला होता तो तपासणीच्या रांगेत तिला सोडावाच लागला. तिथे काकांनी बाळासाठी शिवलेले इवलेसे कपडे बॅगेतून बाहेर निघाले आणि त्यांच्याबरोबर निघाली काकांची धागे कापायची कात्री. ती चुकून घड्यांत राहिली होती. तपासणी करणाऱ्या बाईंनी कात्री काढून घेतली, पण झबली हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "कुणी शिवली? शिलाई किती नाजूक!" आई एवढी फुलून गेली की कात्री गेल्याचं तिला वाईटच वाटलं नाही.

धाकट्या विमानतळावर विमानापर्यंत चालतच जायचं. दार उघडलं आणि वारा, उन्हात तापलेल्या सिमेंटचा वास, इंजिनांची घरघर सगळं एकदम अंगावर आलं. आईने जिन्याच्या पायथ्याशी थांबून विमानाच्या पोटाकडे मान वर करून बघितलं.

"हे हिने ढकलायचं?"

"रोज ढकलते, आई."

"जेवते कधी मग ही?"

आम्ही बसलो. आई खिडकीशी, मी मधे, माझ्या पलीकडे टाय लावलेले एक गृहस्थ. आईने पट्टा एवढा आवळला की तिला बोलता येईना, तो मी सैल केला. खिडकीतून खाली मावशी दिसत होती. टगवर बसून दांडा लावायची वाट बघत होती, आणि मधेच आमच्या खिडकीकडे बोट दाखवून आपल्या सोबत्याला काहीतरी सांगत होती. आता निघणार, आता निघणार असं वाटत असताना वैमानिकांचा आवाज आला.

"प्रवाशांना विनंती आहे की त्यांनी बसून राहावं. आपल्याला जरा वेळ लागेल. दुसऱ्या विमानतळावर एका विमानाचे टायर फुटून ते धावपट्टीच्या मधोमध थांबलंय. सगळे सुखरूप आहेत. पण ती धावपट्टी बंद आहे आणि तिकडे उतरणारी विमानं आता इकडे येतायत."

टायवाले गृहस्थ म्हणाले, "सगळी? इथे? मावणार कुठे?"

आणि पहिलं आलं! गल्लीतल्या गच्च्यांच्या वरून एक भलंमोठं पांढरं विमान, निळ्या शेपटीचं, असलं इथे कुणी कधी बघितलं नव्हतं, ते पोट घासेल इतकं खाली येऊन धावपट्टीवर टेकलं आणि गर्जत आमच्यासमोरून गेलं. आमचं विमान हललं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ते वळतंय न वळतंय तोच दुसरं. मग लाल शेपटीचं तिसरं. भिंतीपलीकडच्या गच्च्यांवर माणसं गोळा झाली. चादरी बाजूला सारून लोक कठड्याला लटकत होते, हात हलवत होते. माझी आई, जी मघाशी जीव मुठीत धरून बसली होती, तिने काचेला नाक लावलं.

"अजून एक आलं! हे बघ, हे बघ, केवढं! याला चार चाकं आहेत गं एकेका बाजूला! आता कुठे ठेवतात बघू!"

भीती वाटायला हवी हे ती साफ विसरून गेली होती.

ठेवायचं कुठे हाच प्रश्न खाली सगळ्यांना पडला होता. ते खाली काय चाललं होतं ते मावशीने नंतर कितीतरी वेळा सांगितलं, दर वेळी उभं राहून, हातवारे करून. एप्रन भरत आला. ओळीत जागा संपल्या, मग कोपरे संपले. माणसं विमानांना खुणा करायच्या काठ्या घेऊन पळत होती, ड्यूटी मॅनेजर बाई एका हातात वॉकीटॉकी आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन अनवाणी धावत होत्या, कारण टाच तुटली होती. त्या गडबडीत शेवटच्या मोठ्या विमानाला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते आमच्या विमानाच्या मागच्या वाटेवर, तिरपं येऊन थांबलं. आता ते हलल्याशिवाय आमच्या ओळीतलं एकही विमान निघू शकत नव्हतं, आणि आमची ओळ रिकामी झाल्याशिवाय वर घिरट्या घालणाऱ्यांना जागा नव्हती.

एकच फट उरली होती. अग्निशमन दलाची शेड आणि विमानं दुरुस्त करायचा जुना हँगर यांच्या मधली. त्या मोठ्या विमानाला उलटं, शेपटीकडून तिथे घालायचं. उस्ताद आणि दुसरा टग पार धावपट्टीच्या टोकाला गुंतलेले.

मॅनेजर बाई मावशीच्या टगपाशी आल्या. "मावशी, एवढं मोठं कधी ढकललंय?"

विमानतळावर सगळेच तिला मावशी म्हणतात. माझी मावशी मला सगळ्यांत वाटून घ्यावी लागते.

"नाही. एवढं नाही."

"उस्ताद येईपर्यंत थांबू या का?"

वॉकीटॉकीतून उस्तादांचाच आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "थांबू नका. ती नेईल. फक्त तिला कुणी घाई करू नका."

मावशी सांगते की टगची चावी कुठल्या बाजूला फिरवायची तेच तिला आठवेना. तिने मॅनेजर बाईंना एवढंच म्हटलं, "पंखांच्या दोन्ही टोकांना माणसं द्या. आणि शेपटीला एक. जोरात हात दाखवणारी द्या, लाजरीबुजरी नकोत." मॅनेजर बाई म्हणाल्या, "शेपटीला मी उभी राहते," आणि बूट तिथेच टाकून निघाल्या. अग्निशमन दलाच्या लोकांनी आपला बंब बाहेर काढून फट जरा रुंद केली. मोठा दांडा आला, चाकाला बसला, कडी अडकली.

वर आमच्या विमानात वैमानिक म्हणाले, "डावीकडे बघा. हे बघण्यासारखं आहे."

सगळं विमान डावीकडे झुकलं. उजवीकडची माणसं उठून आमच्या डोक्यांवरून बघायला लागली. हवाईसुंदरी "बसा, कृपया बसा" म्हणत होती आणि स्वतः एका खिडकीत वाकली होती.

"ती धाकटी आहे," आई म्हणाली.

"कोण?" टायवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"टगवर बसलीय ती. डावा खांदा खाली पाडून बसते, लहानपणापासून सांगतेय सरळ बस म्हणून. माझी सख्खी बहीण आहे ती."

हे ऐकून मागच्या रांगेतल्यांनी पुढच्यांना सांगितलं, पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांना. क्षणभरात अख्ख्या विमानाला कळलं की या बाईंची बहीण.

"आणि ती घरी स्कूटर कधी सरळ लावत नाही," आई हळूच मला म्हणाली. 

टग सुरू झाला. ते धूड हललं. आधी वाटलं की डोळ्यांना भास होतोय, मग चाकं खरंच फिरायला लागली. हळू, अगदी हळू. पंखाच्या टोकाशी चालणारा माणूस काठ्या हलवत मागे मागे जात होता. शेपूट फटीच्या तोंडाशी आली आणि त्या माणसाने काठ्यांची डोक्यावर फुली केली. थांब!

पंखाच्या टोकाजवळ दिव्याचा खांब होता. वरून बघताना तर टेकलाच असं वाटलं.

आईने माझ्या दंडात नखं रुतवली. टायवाले गृहस्थ म्हणाले, "अहो, लागलं का?"

"नाही," आई म्हणाली. तिला काय माहीत, पण ती ठामपणे म्हणाली.

मावशीने विमान पुढे ओढलं. आलेलं अंतर सगळं परत. नवीन कोन धरला आणि पुन्हा मागे. या वेळी दुसऱ्या बाजूच्या माणसाने फुली केली. हँगरचा कोपरा. पुन्हा पुढे.  खाली मावशीने टग थांबवला, कानांवरच्या वाट्या नीट केल्या, खाली उतरली आणि चालत चालत शेपटीपर्यंत गेली. अंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, मॅनेजर बाईंशी दोन शब्द बोलली, आणि तशीच चालत परत आली. कुणी तिला हाक मारली नाही, कुणी हात हलवून लवकर कर असं म्हटलं नाही.

"घाबरली," मागून कुणीतरी पुटपुटलं.

आई गर्रकन वळली. "ती बघून आली. गल्लीत ट्रेलर घ्यायची तेव्हाही आधी उतरून बघायची. तुम्ही गप्प बसा!"

तिसऱ्यांदा टग हलला. शेपूट फटीत शिरली. पंखाचं एक टोक खांबाला ओलांडून गेलं. दुसरं टोक हँगरच्या भिंतीसमोरून सरकत गेलं, सरकत गेलं, काठ्या हलत राहिल्या, फुली झाली नाही, झाली नाही, आणि मग दोन्ही माणसांनी एकदम काठ्या वर केल्या. बसलं! भलंमोठं विमान त्या फटीत असं जाऊन बसलं की जणू ती फट त्याच्याचसाठी बांधली होती.

आमच्या विमानात जो गलका झाला! लोक सीटच्या पाठीवर थापा मारत होते, एकमेकांना टाळ्या देत होते. टायवाल्या गृहस्थांनी माझ्या आईशी हस्तांदोलन केलं, जणू तिनेच ढकललं होतं. आईने ते मान वाकवून स्वीकारलंही. खाली मावशीला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती. त्या मोठ्या विमानाच्या वैमानिकाने खिडकी उघडून हात बाहेर काढले आणि हवेत तिला नुसते अंगठेच अंगठे दाखवले, दोन्ही हातांचे. मॅनेजर बाई अनवाणी पळत आल्या आणि मावशीला टगवरच मिठी मारली.

मग वाट मोकळी झाली आणि मावशीने छोटा दांडा लावून टग आमच्याकडे वळवला.

दांडा लागल्याचा खट्ट असा आवाज आम्हाला पायांखाली जाणवला. "आता आपली पाळी," मी म्हटलं. विमान हललं. आई खिडकीला चिकटून ओरडली, "मागे चाललंय! अगं, मागे चाललंय!" सगळं विमान हसलं. इमारत पुढे सरकत होती, खांब सरकत होते, आणि आमच्या पोटाखालून कुठेतरी मावशी आम्हाला नेत होती, एवढ्या अलगद की माझ्या ट्रेवरचा पाण्याचा पेला हललासुद्धा नाही. (तो ट्रेवर नको होता. हवाईसुंदरीने नंतर तो काढून घेतला.)

वळून आम्ही थांबलो. दांडा सुटला. टग बाजूला झाला आणि मावशीच्या सोबत्याने विमानाच्या चाकातून काढलेली, लाल फीत लावलेली दुसरी एक पिन उंच धरून वैमानिकांना दाखवली, म्हणजे सगळं सुटलं, आता तुम्ही मोकळे. त्यांनी हात केला. आणि त्याच्या मागे टगवर मावशी उभी राहिली. दोन्ही हात डोक्यावर, जोरजोरात हलवत. आई काचेवर तळवा ठेवून तेवढ्याच जोराने दुसरा हात हलवत होती. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. "पडशील! खाली बस! पडशील गं!" ती म्हणत होती. मग आम्ही धावलो, वर उचललो गेलो, आणि गच्च्यांवरची माणसं खाली राहिली.

आई वाटभर खिडकीबाहेर बघत होती. ढगांत शिरलो तेव्हा तिने विचारलं, "आता किती वर?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि सँडविच मागवलं.

बाळ बघायला दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दादा दारातच गळ्यात पडला. खोलीत वहिनी उशीला टेकून बसली होती आणि कुशीत ते एवढंसं गाठोडं. आईने बाळाला अलगद घेतलं, कपाळाला ओठ लावले, काकांनी शिवलेलं झबलं काढून अंगाशी धरून बघितलं, बरोबर झालं होतं. आणि मग बाळ हातात धरूनच ती सुरू झाली. "अगं, शेपूट आत गेली, पण खांब! खांब मधे! तर ती उतरली, चालत गेली..." वहिनी हसून हसून म्हणाली, "आई, टाके दुखतात, हळू सांगा." दादा पुन्हा पुन्हा विचारत होता, "मग? मग काय झालं?" खोलीच्या दारात दोन नर्स थांबून ऐकत होत्या.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिकडची धावपट्टी उघडली होती आणि पाहुणी विमानं एकेक करून परत निघाली होती. तिने आणि उस्तादांनी मिळून ती सगळी बाहेर काढली. फटीतलं ते मोठं विमान सगळ्यात शेवटी निघालं आणि उस्ताद बाजूला उभे राहून म्हणाले, "तूच घातलंस, तूच काढ." त्यातली माणसं खिडक्यांतून हात हलवत होती. "आणि ताई, एवढी दमलेय की आमच्या यांनीच मला भरवलं आज!"

"लागलं नाही ना कुठे?" आई म्हणाली.

"नाही गं. बाळ कसं आहे? कुणासारखं आहे?"

मग दोघी एकदम बोलायला लागल्या. एक विमानाचं सांगत होती, दुसरी बाळाचं, आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. फोन मी धरला होता. शेवटी मी तो बाळाजवळ नेला, तर तेही रडायला लागलं, आणि पलीकडून मावशी ओरडली, "अरे वा! काय आवाज आहे! टॉवरमध्ये घ्या हिला, विमानांना हाका मारायला!"

पुढच्याच आठवड्यात मॅनेजर बाईंनी मोठा दांडा आणि मोठ्या टगची जबाबदारी मावशीकडे दिली. आता तिच्या हाताखाली दोन मुली शिकतायत. त्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी शंकू उडवले, असं मावशीने मला सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. आई मात्र परतीच्या प्रवासाची तारीख स्वतःच ठरवून बसली आहे. तिची अट एकच आहे. विमान धाकट्या विमानतळावरच उतरायला हवं.